जुन्या स्पोर्ट्स कार घेऊन ब्लॅक फॉरेस्टमध्ये: क्लबच्या चार दिवसांच्या सहलीची सविस्तर आखणी

जुन्या गाड्यांच्या सामूहिक सहलीत बिघाड आणि अपघात बहुतेक वेळा एकाच कारणाने होतात, ते म्हणजे मागे पडण्याची भीती. पुढची गाडी वळणाआड दिसेनाशी झाली की १९६५ची एमजी चालवणारा माणूस नकळत पाय दाबतो. तापमानाच्या काट्याकडे बघायचं राहून जातं, गावाची पाटी कधी गेली कळत नाही आणि जिथे थांबायला हवं तिथे तो ओव्हरटेक करतो. ही भीती काढून टाकली की प्रत्येक जण आपल्या गाडीला झेपेल त्या वेगाने चालवतो आणि आजूबाजूचा निसर्गही त्याला दिसतो. या लेखातली सगळी आखणी याच एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरणासाठी मी नैर्ऋत्य जर्मनीतला मानहाइम ते स्टुटगार्ट हा मार्ग घेतला आहे. मोटारगाडीचा जन्म याच पट्ट्यात झाला, रस्ते वळणावळणाचे पण सुस्थितीतले आहेत आणि गाव कधी फार लांब नसतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. स्टुटगार्टच्या आसपास वाहन उद्योगात काम करणारी बरीच मराठी मंडळी आहेत, त्यातली काही आता तिथल्या क्लबांत रमली आहेत. पुण्या-मुंबईहून जाऊन जुनी गाडी भाड्याने घेऊन अशा सहलीत सामील होणंही शक्य आहे. लेख या दोघांसाठीही आहे.

आधी गाड्यांची यादी, मग नकाशा

नकाशा उघडण्याआधी येणाऱ्या प्रत्येक गाडीची माहिती एका तक्त्यात लिहून काढा: साल, इंजिन, टाकी किती लिटरची आणि एका टाकीत खात्रीने किती किलोमीटर, स्टीअरिंग डावीकडे की उजवीकडे, मीटर किलोमीटरचा की मैलांचा, सीटबेल्ट आहेत का. एकाच क्लबात ६० अश्वशक्तीची पोर्शे ३५६ असते आणि २६५ अश्वशक्तीची जॅग्वार ई-टाइपही. दोन्हींचे मालक जिवलग मित्र असतील, पण चढावर त्यांची जोडी जमणार नाही. दिवसाचं अंतर सगळ्यात सावकाश गाडीला आणि पेट्रोलचे थांबे सगळ्यात लहान टाकीला धरून ठरवावेत. जुन्या पेट्रोलमापकावर विसंबू नका, सरळ दर १५० किलोमीटरला सगळ्यांनी भरायचं असा नियम ठेवा.

पहिल्या सहलीसाठी दहा ते पंधरा गाड्या पुरेत. त्याहून जास्त झाल्या की दुपारचं जेवण, पार्किंग आणि पेट्रोलपंप या तिन्ही ठिकाणी अर्धा दिवस रांगेत जातो.

दिवसाला १२० ते १५० किलोमीटर हे ऐकायला कमी वाटतं, पण गावागावातून जाणाऱ्या रस्त्यांवर थांब्यांशिवाय सरासरी ताशी ४५ किलोमीटरच्या वर धरू नये. म्हणजे सव्वातीन तास निव्वळ चालवणं झालं. त्यात दोन कॉफी, एक जेवण, एक संग्रहालय आणि कुणाचा तरी कार्बुरेटर धरा. संध्याकाळी सहाला सगळे हॉटेलवर हवेत, कारण ज्याला गाडीत काही दुरुस्त करायचं आहे त्याला उजेड लागतो.

तारीख कशी ठरवावी

मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत किंवा मग सप्टेंबरचा उत्तरार्ध. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलैअखेर सुरू होऊन सप्टेंबरच्या पूर्वार्धापर्यंत चालते. तेव्हा रस्ते, हॉटेलं आणि तळ्याकाठच्या पार्किंगच्या जागा भरलेल्या असतात, शिवाय उकाड्यात जुन्या इंजिनांचे हाल होतात.

अनेक जर्मन मालक जुन्या गाड्यांना हंगामी क्रमांकपाटी घेतात. पाटीच्या उजव्या कडेला दोन आकडे एकाखाली एक असतात, उदाहरणार्थ ०४ आणि १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. त्या महिन्यांबाहेर गाडी चालवणं तर सोडाच, सार्वजनिक रस्त्यावर उभी करणंही नियमबाह्य आहे. सहल मार्चमध्ये ठेवली तर निम्मा क्लब घरी बसेल.

चार दिवस गुरुवार ते रविवार असे धरा. त्यामुळे सगळ्यात गर्दीचा डोंगरी रस्ता शुक्रवारी येतो आणि स्टुटगार्टमध्ये शिरण्याचा दिवस रविवार येतो. रविवारी साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते. सोमवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी पोर्शे आणि मर्सिडीज-बेंझ ही दोन्ही संग्रहालयं बंद असतात. एक खाचखळगा आहे: ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण आणि फ्रोनलाइखनाम हे दोन्ही सण गुरुवारीच येतात आणि या राज्यात दोन्हींना सुट्टी असते. शुक्रवारची रजा जोडून सगळं राज्य घराबाहेर पडतं. ते दोन आठवडे कॅलेंडरवर आधीच खोडून टाका.

मार्ग: चार दिवस

*गुरुवार, मानहाइम ते फोर्त्सहाइम.* कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइममध्ये आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता त्या गाडीतून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. तेव्हा इतक्या लांब मोटारीने कुणी गेलंच नव्हतं. वाटेत नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, तारेवरचं आवरण झिजलं तिथे मोज्याचा पट्टा वापरला. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन हे पेट्रोलसारखं द्रव विकत घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. परतल्यावर तिने नवऱ्याला आणखी एक खालचा गिअर हवा असं सुचवलं. जुनी गाडी रस्त्यावर चालती ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा रस्ता एकदा तरी चालवावा, असं मला मनापासून वाटतं. तिने रस्त्यात जे केलं तेच आपण आजही करतो.

हा मार्ग आता बेर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून पाट्या लावून जपला आहे. मानहाइमहून लाडेनबुर्ग, हायडेलबर्ग, वीसलोख, ब्रुखजाल करत साधारण शंभर किलोमीटरवर फोर्त्सहाइम येतं. लाडेनबुर्गमध्ये बेंझच्या जुन्या कारखान्यात मोटार संग्रहालय आहे. गटासाठी वेळ आधी विचारून ठरवा आणि पहिला कॉफीचा थांबा तिथेच घ्या. हायडेलबर्गच्या जुन्या शहरात ताफा नेऊ नये. नेकार नदीच्या कडेने जाताना किल्ला दिसतो तेवढा पुरे. वीसलोखचं ते औषधाचं दुकान मात्र चुकवू नका. गाड्या गावाबाहेर लावून पायी जावं. झिन्सहाइमचं तंत्रज्ञान संग्रहालय, जिथे छपरावर कॉन्कॉर्ड विमान उभं आहे, ते जवळच आहे, पण त्याला अर्धा दिवस लागतो. या सहलीत ते बसत नाही.

*शुक्रवार, फोर्त्सहाइम ते फ्रॉयडनश्टाट.* सकाळी बाड हेरेनआल्ब आणि गेर्न्सबाख मार्गे बाडेन-बाडेन. तिथे टाक्या भरून घ्या. पुढे बी ५०० हा डोंगरमाथ्यावरचा ब्लॅक फॉरेस्टचा प्रसिद्ध रस्ता, साधारण ६० किलोमीटरचा. हा आख्ख्या सहलीतला सर्वोत्तम तुकडा आहे, म्हणून त्याला घाई नको. मुम्मेलझे तळं समुद्रसपाटीपासून १०३६ मीटरवर आहे आणि त्याच्या डोक्यावर होर्निसग्रिंडे हे उत्तर ब्लॅक फॉरेस्टचं सर्वोच्च शिखर, ११६४ मीटर. पश्चिमेला हवा स्वच्छ असेल तर ऱ्हाईनचं खोरं आणि पलीकडचे फ्रान्समधले वोझ डोंगर दिसतात. रूहश्टाइनला राष्ट्रीय उद्यानाचं केंद्र आहे. हे उद्यान २०१४ साली स्थापन झालं.

शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटरसायकलींची रीघ असते. शुक्रवारी सकाळी लवकर चढलात तर तोच रस्ता शांत मिळतो. बाडेन-बाडेनहून चढ लांब आणि सलग आहे. तापणाऱ्या गाड्यांना पहिल्या मोठ्या पार्किंगच्या जागी दहा मिनिटं थांबायची मुभा रोडबुकातच, म्हणजे मार्ग सांगणाऱ्या छापील वहीतच, लिहून द्या, म्हणजे कुणाला थांबायला संकोच वाटणार नाही. माथ्यावर धुकं अचानक येतं. खाली ऊन असलं तरी स्वेटर हाताशी हवा, छत नसलेल्या गाडीत तर हवाच.

फ्रॉयडनश्टाटला दोन रात्री मुक्काम करा. रोज सामान बांधून लहानशा डिकीत कोंबणं दोन आसनी गाडीत फार त्रासाचं होतं, आणि एक मोकळी संध्याकाळ गाडीच्या कामालाही मिळते.

*शनिवार, किंझिग खोऱ्यातून फेरी.* आल्पिर्सबाखचा मठ, शिल्टाखची लाकडी चौकटींची घरं, गुटाखचं शेतघरांचं खुलं संग्रहालय, होर्नबर्ग आणि ट्रिबर्ग. परत झांक्ट गेऑर्गेन आणि श्राम्बर्गवरून. साधारण १३० किलोमीटर. शिल्टाखच्या चौकाचा उतार तीव्र आणि दगडी फरशीचा आहे. हँडब्रेकवर भरवसा नसेल तर गाडी खालीच नदीकाठी लावा. ट्रिबर्गचा धबधबा पाहायला गर्दी असते. ज्यांना नको त्यांनी सरळ पुढे जावं, त्यासाठी रोडबुकात पर्यायी पान ठेवा.

दुपारच्या केकविषयी एक सूचना. ब्लॅक फॉरेस्ट केकच्या मूळ कृतीत चेरीचं मद्य असतं आणि इथे ते मोकळ्या हाताने घालतात. मद्य न घेणाऱ्यांनी आधी विचारावं, चालकांनीही.

*रविवार, फ्रॉयडनश्टाट ते स्टुटगार्ट.* नागोल्ड आणि काल्वमार्गे वाइल देर श्टाट. १५७१ साली योहानेस केप्लरचा जन्म या गावात झाला. तिथून लेओनबर्गजवळ ग्लेमसेक, म्हणजे जुन्या सोलिट्युड शर्यतमार्गाची सुरुवात. सार्वजनिक रस्त्यांवरच्या या शर्यती १९६५ पर्यंत चालल्या. १९६२ साली अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नीने इथे पोर्शेची फॉर्म्युला वन गाडी पहिली आणली, तीही पोर्शेच्या घरच्या अंगणात. त्या रस्त्यावर आता नेहमीची रहदारी असते. सावकाश, वेगमर्यादेत चालवा आणि शेवट त्सुफनहाउजनच्या पोर्शे संग्रहालयासमोर करा.

रोडबुक

सहलीच्या यशाचा मोठा वाटा या वहीत असतो. मोबाइलवरचा नकाशा पुरेल असं अनेकांना वाटतं. तो पुरत नाही, कारण तो सगळ्यात जलद रस्ता शोधतो आणि आपण मुद्दाम लांबचा निवडलेला असतो. खोऱ्यांत नेटवर्क जातं, उघड्या गाडीत उन्हाने पडदा दिसत नाही आणि सहा व्होल्टच्या गाडीत फोन चार्ज होत नाही.

महाराष्ट्रातल्या टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅलींत भाग घेतलेल्यांना ट्यूलिप चित्रं परिचयाची असतात. प्रत्येक वळणाचं छोटं रेखाचित्र, खाली गोळा म्हणजे आपण, बाण म्हणजे जायची दिशा. तीच पद्धत इथे वापरा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: सुरुवातीपासूनचं अंतर, मागच्या वळणापासूनचं अंतर, चित्र आणि डोळ्यांना दिसणारी खूण. खूण महत्त्वाची, कारण जुन्या गाडीचा मीटर पाच-सात टक्के चुकतो आणि ब्रिटिश गाडीत मैल असतात. ‘पिवळी पाटी, काल्व, उजवीकडे’ हे कुणालाही कळतं. जर्मनीत हमरस्त्यांच्या दिशादर्शक पाट्या पिवळ्या आणि ऑटोबानच्या, म्हणजे द्रुतगती महामार्गांच्या, निळ्या असतात, त्यामुळे ‘निळी पाटी दिसली तर चुकलात’ एवढं एक वाक्य पहिल्या पानावर लिहिलं तरी बरीच चुकामूक टळते.

अंतर दर कॉफीच्या थांब्यावर शून्यापासून पुन्हा सुरू करा, म्हणजे मीटरची चूक साचत नाही. प्रत्येक पानावर ओळी दहाहून जास्त नकोत. अक्षरं मोठी हवीत, डुलणाऱ्या गाडीत वाचता येतील एवढी. प्रत्येक पानाच्या तळाशी तीन गोष्टी छापा: पुढचा थांबा पत्त्यासह, मागच्या मदतगाडीचा फोन क्रमांक आणि ‘हरवलात तर थेट इथे या’ असं एक ठिकाण. हा शेवटचा पत्ता चालकाला धीर देतो. त्याला ताफा शोधायचा नाही, फक्त जेवणाच्या जागी पोचायचं आहे.

रोडबुक तयार झालं की सहलीच्या साधारण दोन आठवडे आधी पूर्ण मार्ग आधुनिक गाडीने तपासा, शक्यतो दोघांनी, आणि ज्याने रोडबुक लिहिलं नाही त्याने ते वाचून रस्ता काढावा. उन्हाळ्यात रस्तेकामं सतत सुरू असतात आणि पिवळ्या बाणांचे वळणमार्ग लागतात. सहलीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बंद रस्त्यांची यादी पाहून दुरुस्तीचं एक पान वाटा.

कागदपत्रं आणि कायदा

तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी जर्मनीत एच अक्षराची क्रमांकपाटी मिळवू शकते. ही सोय १९९७ पासून आहे. अशा गाड्यांना शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांत प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. स्टुटगार्ट असंच क्षेत्र आहे. युरोपीय संघातल्या इतर देशांच्या तितक्याच जुन्या गाड्यांनाही समकक्ष निकष पूर्ण केले तर ही सूट लागू होते. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या गाड्यांनी मात्र स्टिकर आधीच तपासावं. जुन्या गाड्यांसाठीच्या लाल ०७ पाटीच्या गाड्या रोजच्या वापरासाठी नसतात. त्यांच्या मालकांनी विमा कंपनी आणि नोंदणी कार्यालयाकडे ही सहल बसते का ते विचारावं आणि प्रवासवही सोबत ठेवावी.

विम्याबाबत: जुन्या गाड्यांच्या पॉलिसींत शर्यत आणि वेळेवर आधारित स्पर्धा बहुधा वगळलेल्या असतात. म्हणून सहलीत स्टॉपवॉच, ‘कोण आधी पोचतं’ असले प्रकार ठेवूच नका. बेकायदा शर्यत हा जर्मनीत २०१७ पासून तुरुंगवासापर्यंत शिक्षा असलेला गुन्हा आहे.

सलग बंदिस्त ताफा म्हणून जायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. क्लबसाठी साधा उपाय म्हणजे छोट्या गटांत, नेहमीच्या रहदारीचा भाग म्हणून जाणं. प्रत्येकाने स्वतःचा सिग्नल पाळायचा, पुढची गाडी गेली म्हणून लाल दिव्यातून जायचं नाही.

भारतातून येणाऱ्या चालकांनी मूळ परवान्यासोबत त्याचं मान्य जर्मन भाषांतर ठेवावं. जर्मनीत वास्तव्य सुरू केल्यापासून सहा महिन्यांपर्यंतच भारतीय परवाना चालतो, मग जर्मन परवाना लागतो. नियमांपैकी चार त्यांना विशेष समजावून द्या. गावाची पिवळी पाटी हीच ५० किलोमीटरची मर्यादा असते, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. पाट्या नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येवो. ऑटोबानवर उजव्या बाजूने ओव्हरटेक करत नाहीत. आणि रहदारी तुंबू लागताच डाव्या मार्गिकेने डावीकडे व बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवायची, सायरन ऐकू येण्याची वाट पाहायची नाही.

मुलांना न्यायचं असेल तर सीटबेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवता येत नाही, आणि त्याहून मोठं पण १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मागच्याच आसनावर बसलं पाहिजे. दोन आसनी गाडीत याचा अर्थ उघड आहे. त्यांच्यासाठी सीटबेल्ट आणि मागचं आसन असलेली वेगळी गाडी ठेवा.

गाडी उभी असताना इंजिन विनाकारण चालू ठेवायला जर्मनीत बंदी आहे. सकाळी सातला हॉटेलच्या अंगणात पंधरा इंजिनं गरम करत बसलात तर शेजारी तक्रार करतील आणि त्यांचं बरोबरच असेल. चालू करा आणि लगेच सावकाश निघा.

मुक्काम

हॉटेलला तीनच गोष्टी विचारा: गाड्यांसाठी बंद किंवा नजरेखालची जागा आहे का, तिथला उतार आणि प्रवेशाची उंची किती, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर चालू आहे का. खेड्यांतल्या खानावळींना आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते. जुन्या इंजिनातून तेल ठिबकतं आणि जर्मनीत फरशीवरचं किंवा मातीतलं तेल गंभीर मानतात. प्रत्येक गाडीत घडी घातलेला जाड पुठ्ठा हवा, गाडी लावताच तो इंजिनाखाली सरकवायचा. शाकाहारी मंडळींची अडचण होत नाही. चीज घातलेले श्पेट्सले (तिथल्या शेवया) जवळपास सगळीकडे मिळतात, पण संख्या आधी कळवा.

गाडीची तयारी

सहलीच्या महिनाभर आधी काम सुरू करा, आदल्या रात्री नव्हे. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि लांब उतारावर तापलं की वाफ होऊन पेडल मऊ पडतं. टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांशी शेवटचे चार आकडे पाहा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खोल नक्षी उरली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही. कूलंटचे होज हाताने दाबून पाहा. तारेच्या चाकांचे मध्यनट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा ठोकून घ्या.

पेट्रोल हा स्वतंत्र विषय आहे. जर्मनीत २०११ पासून ई१० मिळतं. त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जे जुन्या रबरी नळ्या आणि सील खातं. ९५ ऑक्टेनचं सुपर ई५ किंवा ९८चं सुपर प्लस घ्या. पंपावर ई१० स्वस्त दिसतं, म्हणून रोडबुकात ठळक लिहा. ज्यांच्या व्हॉल्व्ह सीट शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनल्या होत्या त्यांनी आपलं पूरक द्रव सोबत आणावं.

उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांनी हेडलॅम्पच्या काचेवर झोत वळवणारे स्टिकर लावावेत, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. ओव्हरटेक करताना त्यांच्या चालकाला समोरचं काही दिसत नाही. निर्णय शेजारी बसलेल्याने सांगायचा आणि शंका असेल तर मागेच राहायचं.

प्रत्येक गाडीत त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, चकाकणारं जॅकेट, अग्निशामक, फॅनबेल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर, रोटर, फ्यूज, बल्ब, एक लिटर तेल, पाणी आणि जाड हातमोजे. जॅकेट डिकीत नको, हात पोचेल तिथे.

रस्त्यावर

पंढरीच्या वाटेवर जशा दिंड्या आपापला क्रम धरून चालतात तसे चार-पाच गाड्यांचे गट करा. प्रत्येक गटात सारख्या ताकदीच्या गाड्या आणि पुढे रस्ता माहीत असलेला एक जण. सगळ्यात सावकाश गट सर्वांत आधी निघतो, मग दहा-दहा मिनिटांनी बाकीचे. त्यामुळे सावकाश गाडीवाल्यांना मागून पोचण्याची धडपड करावी लागत नाही आणि जेवणाला सगळे साधारण एकत्र येतात. आपण मागे पडलो असं कुणालाच वाटत नाही.

गटातला एकमेव नियम: प्रत्येक चालकाने आरशात मागची गाडी पाहायची. वळण घेण्याआधी ती दिसत नसेल तर वळणापलीकडे सुरक्षित जागी थांबायचं, ती दिसेपर्यंत. पुढच्या गाडीची काळजी करायची नाही, ती तुमच्यासाठी थांबणार आहे. थांबताना चौकापासून पाच मीटरच्या आत गाडी लावू नये. दोन गाड्यांत एवढं अंतर हवं की एखादी आधुनिक गाडी मध्ये शिरून पुढे जाऊ शकेल. चिकटून चाललात तर मागचा अधीर माणूस पाचही गाड्या एकदम ओलांडायला जातो, आणि धोका तिथेच असतो.

मागे तीनहून जास्त गाड्या साचल्या की पहिल्या थांब्यात शिरून त्यांना जाऊ द्या. स्थानिक लोक कामावर जात असतात, रस्ता त्यांचाही आहे.

सकाळची सूचना बैठक पंधरा मिनिटांची, त्याहून मोठी नको. आजचं हवामान, रोडबुकातली दुरुस्ती, पेट्रोल कुठे, जेवण कुठे आणि किती वाजता, शेवटी मदतगाडीचा नंबर. वॉकीटॉकी असतील तर त्या शेजारच्या माणसाच्या हातात. चालकाने फोन हातात घेणं हा दंडाचा गुन्हा आहे आणि चालकाने कॅमेऱ्यांची पूर्वसूचना देणारी ॲप वापरायलाही बंदी आहे.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, थंड होऊ द्या.

बिघाड झाल्यावर

मदतगाडी सगळ्यात शेवटी चालते आणि कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही. तिच्यात टूलबॉक्स, जॅक, टो-दोर, जंपर केबल, तेल शोषणारी भुकटी, कूलंट आणि वायर. केबल जोडण्याआधी पोलॅरिटी पाहा. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू चेसिसला जोडलेली असते.

बंद पडलेली गाडी शक्य तेवढी बाजूला, धोक्याचे दिवे चालू, जॅकेट घालूनच दार उघडायचं, मग त्रिकोण मागे लांब ठेवायचा आणि सगळ्यांनी रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं. गट थांबत नाही, फक्त त्यातली एक गाडी थांबते. पाचही गाड्या रस्त्याकडेला लावल्या तर मदत होत नाही, नवा धोका तयार होतो. उन्हात थांबून गेलेलं इंजिन पुन्हा चालू होत नसेल तर आधी पेट्रोलची वाफ झाल्याचा संशय घ्या. बॉनेट उघडा, नळीवर ओलं फडकं ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारू नका.

अर्ध्या तासात जमलं नाही तर खटपट थांबवून ब्रेकडाउन सेवेला फोन करा. एडीएसी या जर्मन मोटार क्लबचे पिवळे मदतनीस जुन्या गाड्या ओळखतात, मात्र सदस्यत्व आणि गाडी उचलून नेण्याची मर्यादा निघण्याआधीच वाचून ठेवा. ऑटोबानवर बंद पडलेली गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोन्ही गाड्यांचे धोक्याचे दिवे चालू ठेवून पुढच्याच बाहेरवाटेने खाली उतरावं लागतं. कुणाला इजा झाली असेल तर ११२.

मदतगाडी पाच आसनी असावी आणि तिच्यात चालक आणि हात चालवणारा एक जाणकार एवढेच बसावेत. दोन आसनी गाड्यांच्या ताफ्यात रिकामी जागा कुठेच नसते, म्हणून ही तीन आसनं राखून ठेवायची. गाडी ट्रेलरवर चढली की तिचा चालक आणि सोबती आपल्या बॅगा आणि रोडबुक घेऊन या गाडीत बसतात आणि दुपारच्या जेवणाला इतरांबरोबर असतात.